पाहुणा जेवल्याशिवाय

मामा, काल तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुमच्याविषयी चांगलं बोलले आणि मी मागच्या खुर्चीत बसून चिडत राहिले. एक जण म्हणाले, स्वभाव अगदी शांत. दुसरे म्हणाले, आयुष्यात कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. मला वाटलं उठावं आणि विचारावं, तुम्ही नक्की कुणाच्या घरी आलाय? माणूस गेला की त्याला धुऊन, इस्त्री करून ठेवायची आपल्या लोकांना भारी हौस. शांत म्हणे! मग आपल्या दोघांचा आवाज चढला की शेजारच्या शकुंतलाकाकू त्यांचा टीव्ही बारीक करून का ऐकत बसायच्या?

सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडची रीत. लग्न होऊन धाराशिवकडच्या या वाशीत आले त्या दिवसापासून मी तुम्हाला मामा म्हणतेय आणि साधारण दुसऱ्या दिवसापासून तुमच्याशी भांडतेय. नळाच्या पाण्यावरून भांडलो, बातम्यांवरून भांडलो. कानाचं मशीन खिशात ठेवून "मला ऐकू येत न्हाय" म्हणायचात, त्यावरून तर रोजच भांडलो. बाकीची सगळी भांडणं तुमच्याबरोबर गेली, जाऊ द्या. एक मात्र माझ्याकडं तसंच राहिलंय, कारण ऐन वेळी उठून जायची सवय तुम्ही शेवटपर्यंत सोडली नाहीत.

भांडण पाहुण्याचं. कालच्या भाषणांत त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. तो मात्र होता तिथंच, मंडपाच्या दाराशी काढलेल्या चपलांवर अंग टाकून घोरत होता. भन्तेजींच्या चपलाही त्याच्याच पोटाखाली निघाल्या. तुम्ही असतात तर हसला असतात आणि मला म्हणाला असतात, ऱ्हाऊ दे, झोपलाय त्यो.

आठवतंय ना कसा आणलात ते? ईट गावाला तुमच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. जाताना पिशवीत झबलं-टोपडं होतं, येताना त्याच पिशवीतून दोन कान बाहेर आले होते. स्टँडच्या मागं उकिरड्यावर बसला होता म्हणालात. गळ्यात कुणीतरी सुतळी बांधलेली, पिल्लू वाढलं तशी ती कातड्यात रुतलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. एसटीत कंडक्टरनं विचारलं, आजोबा, पिशवीत काय हाय? तुम्ही म्हणालात, पाहुणा. तो म्हणाला, मग पाहुण्याचं तिकीट लागतंय. तुम्ही म्हणालात, अर्धं फाड, लहान हाय. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत, की मला आता त्या कंडक्टरचा चेहरासुद्धा ओळखीचा वाटतो.

मी दारातच सांगितलं होतं, मामा, मला शाळा आहे, तुम्हाला साखर आहे, तुमच्या चिरंजिवांना कशाशी देणंघेणं नाही. कुत्रं कोण बघणार? तर तुम्ही म्हणालात, "दोन दिस ऱ्हाईल आन जाईल. पाहुणा हाय." त्यावरूनच त्याचं नाव पडलं. तुमची सुतळी कापण्याची कात्री म्हणजे माझी शिवणाची चांगली कात्री होती, हेही इथं नोंदवून ठेवते. जखमेला लावलेली हळद माझ्या मसाल्याच्या डब्यातली आणि अंघोळीचा शाम्पू माझाच. दोन दिवसांत जाणाऱ्या पाहुण्याची एवढी सरबराई मी आमच्या माहेरच्या माणसांचीही झालेली पाहिली नाही.

आणि मग तो पडला. सकाळी उठून बघतो तर अंगणाच्या कोपऱ्यात पाय ताणून पसरलेला, तोंडाला फेस, मागून रक्ताचं पाणी. गल्लीतलं एकेक माणूस औषध घेऊन हजर. कुणी गूळपाणी, कुणी ताक. शकुंतलाकाकूंनी हळद घालून दूध आणलं. जे आत जायचं ते दुप्पट होऊन बाहेर यायचं. शेवटी मी शाळेत रजेचा फोन केला आणि माझ्या स्कूटीवर आपण तिघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तुम्ही मागं बसून त्याला माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळून धरलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला मलाच "हळू की" म्हणत होता. खड्डे काय मी पाडले होते?

डॉक्टर मॅडम वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या. दवाखान्यात त्या दिवशी म्हशी आणि शेळ्या, कुत्रं आपलं एकट्याचं. त्यांनी त्याचे डोळे बघितले, हिरड्या दाबून बघितल्या आणि म्हणाल्या, "पार्वो आहे, कुत्र्यांच्या आतड्याचा आजार. लस दिली नव्हती ना? पिल्लू अशक्त आहे, काही सांगता येत नाही. प्रयत्न करू." पुढच्या पायाचे केस कापून त्यांनी शिरेत सुई बसवली, वर चिकटपट्टी गुंडाळली. गाई-म्हशी बांधायचा लोखंडी खोडा आहे ना तिथं, त्याच्या आडव्या नळीला सलाईनची बाटली टांगली.

मग त्यांनी ते सांगितलं, ज्याच्यामुळं पुढचं सगळं रामायण झालं. "उलटी पूर्ण थांबेपर्यंत तोंडावाटे काही द्यायचं नाही. दूध नाही, भाकरी नाही, पाणीसुद्धा नाही. आतडं सोललं गेलंय, त्याला विश्रांती हवी."

"पाणी बी न्हाय?" तुम्ही विचारलंत.

"पाणीसुद्धा नाही, आजोबा."

"अवो, बघा तरी त्याच्याकडं. जीभ कशी फिरवतंय."

"म्हणूनच सांगतेय."

तुम्ही त्यांच्याकडं असं बघितलंत, जणू ती सुतळी त्यांनीच बांधली होती.

घरी आलो. संध्याकाळी मी ताट वाढलं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, तुमच्या आवडीचा ठेचा. तुम्ही ताट दोन बोटांनी पुढं सारलंत. का, तर पाहुणा जेवल्याबिगर घरच्यानं जेवायचं न्हाय.

मी म्हणाले, "मामा, तो कुत्रा आहे."

"मग? कुत्र्याला पोट नसतंय व्हय?"

"तुम्हाला साखर आहे. उपाशी राहून चालत नाही. आणि आता उपास धरणार तुम्ही?"

बस. उपास हा शब्द निघाला आणि तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. "उपास म्हणायचं न्हाय! माझ्या घरात उपास म्हणायचं न्हाय!" शेजारचा टीव्ही बारीक झाला.

उपासाचं आणि तुमचं वैर मला काही नवं नव्हतं. तुमच्या आईनं छप्पन सालच्या धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातलं सगळं उचलून नदीला दिलं, त्याबरोबर सणवारांचे उपासही दिले, ही गोष्ट तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचात. "आमच्या लोकांनी लई उपास केलेत," म्हणायचात. "भाकर नव्हती म्हणून केलेत. आता भाकर हाय, तर फुकटचे कशाला करायचे?" मला बघायला आलात तेव्हा माझं नाव ऐकून किती खूश झाला होतात. सुजाता! सिद्धार्थानं शरीर सुकवून बघितलं, काही हाती लागलं नाही, तेव्हा सुजातेनं खीर दिली आणि त्याचा उपास सुटला. तुम्ही बैठकीत सगळ्यांना ऐकवलंत, पोरीच्या नावातच उपास सोडवणं हाय, अशीच सून पायजे. आमचे बाबा बिचारे हुंड्याचं कसं बोलायचं या काळजीत होते आणि तुम्ही खिरीवर बोलत होतात.

तर अशा माणसानं ताट परत पाठवलं आणि त्याला उपास म्हणायचं नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी परत दवाखाना, परत सलाईन. उलट्या कमी होत्या पण थांबल्या नव्हत्या. पाहुणा मान टाकून पडलेला. तुम्ही न्याहारीला हात लावला नाहीत. साखरेची गोळी मात्र वेळेवर घेतलीत, कारण काय, तर "डॉक्टरनं सांगितलंय." मामा, ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते हेही त्याच डॉक्टरनं सांगितलं होतं. पण तुम्ही लोकांचं अर्धंच ऐकायचात, आणि तेही सोयीचं अर्धं.

दुपारी शकुंतलाकाकू झाकलेली वाटी घेऊन आल्या. त्यांच्या घरी आठवड्यातून दोन उपास, चतुर्थी वेगळी, एकादशी वेगळी. गल्लीत बातमी पसरली होती, की मामांनी कुत्र्यासाठी उपास धरलाय. काकूंना तुमच्याविषयी अचानक फार आदर वाटायला लागला होता. त्यांनी वाटी तुमच्या पुढं ठेवली आणि हात जोडून म्हणाल्या, "मामा, भगर हाय आन शेंगदाण्याची आमटी. उपासाला चालतंय. येवढं घ्या."

तुमचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीशी भांडलात ती वाटीत वाफाळत तुमच्या समोर आली होती. "काकू," तुम्ही म्हणालात, "मी उपास धरलेला न्हाय."

"मग जेवला का?"

"न्हाय."

"मग?"

या "मग"चं उत्तर तुम्ही मला दिलंत, त्यांना नाही. माझ्याकडं वळून म्हणालात, "उपास म्हंजे काय? कुणाकडं तरी कायतरी मागायचं आन त्यापायी पोट मारायचं. मी कुणाकडं काय मागितलंय? मागून मिळत नसतंय, दवापाणी करून मिळतंय. माझ्या नरड्याखाली घास उतरत न्हाय, यवढीच गोष्ट हाय."

"न खाणं म्हणजे उपासच, मामा," मी म्हणाले. "नाव काहीही ठेवा."

हे ते भांडण. तिथं सुरू झालं आणि पुढं वर्षानुवर्षं चाललं.

त्या दिवशी ते तिथंच थांबलं, कारण बोलता बोलता तुमचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला, जीभ जड झाली. मी धावत जाऊन साखरेचा डबा आणला, मूठभर साखर तुमच्या तोंडात कोंबली आणि जबडा दाबून धरला. आयुष्यात प्रथमच तुम्ही माझं काही मुकाट गिळलंत. डोळे जरा स्थिर झाले आणि तुमच्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं? "त्याला दिली का?"

मी रडले, मामा. भीतीनं नाही. रागानं रडले. एक पेशंट मुका आणि दुसरा बहिरा, दोघांपैकी एकाचंही ऐकून घ्यायचं लक्षण दिसेना.

तुमचे चिरंजीव संध्याकाळी घरी आले. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी गुपचूप दुधात भाकरी कुस्करली आणि पाहुण्याच्या तोंडाशी धरली. त्यानं दोन-तीनदा चाटलं. लगेच हे तुमच्याकडं आले, "अण्णा, खाल्लं बघा त्यानं. आता बसा ताटावर."

त्यांचं गणित चुकलं नव्हतं. बाप कुत्र्यासाठी अडलाय, तर कुत्र्याला खाऊ घातलं की बाप जेवेल. आणि बाप जेवलाही. दोन भाकऱ्या खाल्ल्यात तुम्ही, आमटी भुरकून, ठेचा मागून घेऊन. मला वाटलं उलटी थांबली असेल. तुम्ही हात धुवायला उठलात आणि अंगणातून तो आवाज आला. त्यानं जे बाहेर टाकलं त्यात दूध कमी आणि रक्त जास्त होतं.

तुम्ही ओल्या हातानं त्याच्याजवळ बसलात. मुलगा भिंतीला टेकून म्हणत राहिला, "मला वाटलं तुमी जेवावं म्हणून..." मीच काय ते बोलले. तुमच्या हट्टापायी तुमच्या मुलानं त्याला मरणाच्या दारात नेलं, असं मी तुम्हाला तोंडावर म्हणाले. ते कठोर होतं पण खोटं नव्हतं. आजही म्हणेन.

सकाळी डॉक्टर मॅडमसमोर मी सगळं ओकून टाकलं. हा माणूस जेवत नाही, कारण कुत्रा जेवत नाही. याच्यासाठी कुत्र्याला चारलं. आता काय करू सांगा. पहिल्यांदा त्या आपल्यावर जाम चिडल्या. "मी काय सांगितलं होतं? हे पिल्लू हातचं जाईल ना!" मग त्यांनी तुमच्याकडं नीट बघितलं. तुम्ही खोड्याला टेकून खाली मान घालून उभे होता. बाटली टांगता टांगता त्या म्हणाल्या, "आजोबा, या सलाईनमध्ये काय आहे माहितीये? यात ग्लुकोज आहे, क्षार आहेत. ते त्याच्या रक्तात जातंय. म्हणजे तो जेवतोच आहे, फक्त पायातून."

तुम्ही मान वर केलीत. "म्हंजे हे चालू असतंय तवा त्याचं जेवण चालू असतंय?"

"असंच समजा."

"आन थांबलं की त्याचा हात धुऊन झाला?"

"हो," त्या म्हणाल्या, आणि हसू दाबत माझ्याकडं बघितलं.

"मग डबा आण," तुम्ही मला म्हणालात.

मी घरी जाऊन डबा आणला. एवढ्या वर्षांत माझं न ऐकणारा माणूस एका सलाईनच्या बाटलीचं ऐकतो, म्हणजे कमाल झाली. पण आणला. तुम्ही खोड्याशेजारी पोत्यावर मांडी घातलीत. एका बाजूला कुणाची तरी म्हैस हंबरत होती, दुसऱ्या बाजूला लोक रांगेत शेळ्या धरून उभे होते. तुम्ही वर बाटलीतल्या थेंबाकडं बघत भाकरी मोडत होता. थेंब जोरात पडला की घास मोठा, हळू झाला की तुम्ही हात आखडता घ्यायचात आणि मॅडमना हाक मारायचात, "बाई, ह्याचं जेवण आडलंय." शेळीवाले हसत होते. मला लाज वाटत होती. तुम्हाला कसली लाज?

तिथंच तुम्ही ते सांगितलंत. घासाघासातून, माझ्याकडं न बघता. लहानपणी गावात मोठ्या घरचं लग्न होतं. तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण, तीच ईटची, उन्हात लांब बसून होता. पंगतीवर पंगती उठत होत्या. सगळे जेवून झाल्यावर उरलं तर मिळणार होतं. "येक माणूस आमच्याकडं बघत बघत बुंदी खात व्हता," तुम्ही म्हणालात. "त्याला आमी दिसत व्हतो, आन तरी त्याला घास उतरत व्हता. म्या तवाच ठरवलं, समोर भुकेलं बसलं आसंल तर आपल्याला उतरला न्हाय पायजे." मग म्हणालात, "आमटीत मीठ कमी हाय."

मी बोट बुडवून आमटी चाखली. मीठ खरंच कमी होतं.

मग तसंच चाललं. सकाळ-संध्याकाळ त्याचं सलाईन आणि तुमचा डबा. उलटी थांबली. मॅडमनी आधी चमच्यानं पाणी द्यायला सांगितलं, ते टिकलं. मग भाताची पेज, पातळ, मीठ न घालता. एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर तो लटपटत उठला आणि वाटीत तोंड घालून अशी सालटं निघेस्तोवर वाटी चाटली, की वाटी अंगणभर फिरली आणि तो तिच्यामागं. तुम्ही ओट्यावर बसून टाळ्या वाजवत होता, बारक्या पोरासारखे. डॉक्टर मॅडमना पेढे न्यायला मलाच पिटाळलंत. त्या म्हणाल्या, "वाचेल असं मला वाटलं नव्हतं, खरं सांगते." पुढं लशी झाल्या. आपल्या पाहुण्याच्या झाल्याच, पण तुम्ही गल्लीतली सगळी मोकाट कुत्री एकेक करून माझ्या स्कूटीवरून नेलीत. माझी स्कूटी अजून तो वास सोडत नाही.

शकुंतलाकाकू मात्र ठाम होत्या. "मामांच्या उपासानं वाचलं लेकरू." त्यांनी हे म्हटलं की तुम्ही कानात मशीन घालून खास ओरडायचात, "सलाईननं वाचलं! बाईंनी वाचवलं!" आणि मी तेल ओतायचे, "पण मामा, उपास होता हे तरी कबूल करा." मग पुन्हा तेच. मागणं नाही तर उपास नाही. न खाणं म्हणजे उपासच. पाहुणा आपल्या दोघांच्या मध्ये बसून जांभया द्यायचा. तो चांगला थोराड झाला, दोन दिवसांचा पाहुणा घराचा मालक झाला, तरी रोज आधी त्याची भाकरी आणि मग तुमचं ताट. मला किती वैताग यायचा त्याचा! पहिली गरम भाकरी कुत्र्याला, दुसरी तुम्हाला, आणि शेवटची, वाकडी, माझी.

आता त्या गोष्टीवर येते, जी तुम्हाला सांगायची राहिली.

तुमच्या पोटात दुखायला लागलं, धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आतड्याला पीळ पडलाय म्हणाले, ऑपरेशन झालं. बाहेर येऊन डॉक्टरांनी सांगितलं, "तोंडावाटे काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही." मी दचकून त्यांच्याकडं बघितलं. तेच शब्द, तोच सूर. मला वाटलं मागं कुठंतरी म्हैस हंबरेल.

तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा ओठ कोरडे पडले होते. मी ओल्या कापसानं पुसत होते. पहिलं विचारलंत, "पाहुण्याला भाकर टाकली का?" म्हटलं, टाकली, काकू बघतायत. मग हाताच्या नळीकडं बोट दाखवलंत आणि त्या अवस्थेत हसलात. "माझं जेवण चालूय बघ. तू बी बस."

"जेवले मी, मामा."

"काय जेवलीस?"

"पोळी-भाजी."

"कसली?"

"मेथीची."

मेथी मला चालत नाही हे या घरात फक्त तुमच्या लक्षात असायचं. "बरं," एवढंच म्हणालात. एकच भांडण तुम्ही न भांडता सोडलंत, ते हे. आणि मग परत बोलला नाहीत.

तुम्हाला घेऊन घरी आलो, सगळं झालं. त्या दिवशी आपल्याकडं चूल पेटायची नसते. शकुंतलाकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या, कडू घास भरवायला. पहिला घास त्यांनी माझ्या तोंडाशी धरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहुणा जेवला का?"

"त्यो व्हय? कवाच जेवला," काकू म्हणाल्या. "दोन भाकरी हाणल्या आन तिसरीला बसलाय."

इतका संताप आला मला त्याचा! ज्याच्यासाठी तुम्ही साखर उतरवून घेतलीत त्याला एक वेळही अन्न गोड लागायचं थांबलं नाही. मग मला आठवलं, तुम्हाला हेच हवं असायचं. मी तोंड उघडलं. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "किती दिसाची उपाशी हाय लेकरू. दुःखानं घास उतरला न्हाय तिला." आलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

ते खोटं आहे, मामा. घास उतरला असता. मला कडकडून भूक लागत होती. दवाखान्याच्या कॅन्टीनमधून भज्यांचा वास यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. तुमचं सलाईन चालू होतं, तुमच्या नियमानं मला जेवायला काहीच हरकत नव्हती, तुम्ही स्वतः बस म्हणाला होतात. तरी मी मुद्दाम जेवले नाही. पाण्यावर राहिले. मनात म्हणत होते, हे उठून बसेपर्यंत मी काही खाणार नाही. हे उठू देत. एवढं दे. कुणाला म्हणत होते ते विचारू नका. आपल्या घरात तसं कुणी ठेवलेलंच नाही, आणि मी तर शाळेत विज्ञान शिकवते. पण म्हणत होते.

तर तुमचं बरोबर होतं. तुमचा तो उपास नव्हता, तुम्ही कुणाकडं काही मागितलं नव्हतं. उपास मी केला. मी मागितलं आणि मला मिळालं नाही.

सुजाता नावाची बाई उपाशी बसली होती, मामा, आणि तीही तुमच्या घरातली. ओरडा की आता. शकुंतलाकाकूंनी टीव्ही केव्हाचा बारीक केलाय.